हळदीच्या हातांचं मत

शिंक आली की मी समजते, पेठेत हळद आली. विश्रामबागेत राहायला येऊन आता चाळीस वर्षं होतील. इथून पेठ काही जवळ नाही. मधे कॉलेजं आहेत, कचेऱ्या आहेत, रिक्षांचा धूर आहे. तरी माघ सरत आला की एखाद्या सकाळी गॅलरीत चहा घेताना नाक हुळहुळायला लागतं आणि ओळीनं सात-आठ शिंका येतात. सून म्हणते, "आई, अ‍ॅलर्जी आहे ती, गोळी घ्या." मी म्हणते, गोळी काय घ्यायचीय डोंबलाची, सुगी आहे ती. तिला काही ते पटत नाही. ती पुण्याची आहे.

परवा अशाच शिंका चालू असताना दोन मुलं दाराशी आली. नीलक्काच्या नावानं स्मरणिका काढतोय म्हणाली. हातात एक छापील कागद दिला. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, मार्गी लावलेली कामं. "आजी, अक्कांच्या आमदारकीच्या कारकिर्दीचा आढावा घ्या. दोन पानांत बसवा." दोन पानांत म्हणे! मी म्हटलं, बाळांनो, पदं तुम्हाला कुठंही मिळतील. मला विचाराल तर तिची कारकीर्द एका हरलेल्या निवडणुकीपासून सुरू झाली, आणि ती हरली ती माझ्यामुळं. मुलं हसली. म्हातारी चेष्टा करतेय असं वाटलं असणार त्यांना.

मी चेष्टा करत नव्हते.

बहात्तर सालची ती सुगी. मी सत्तावीस वर्षांची, वाईहून लग्न होऊन आलेली आणि नगरपालिकेच्या शाळेत नुकती कायम झालेली. नदी तीच, कृष्णाच, पण वाईची कृष्णा पायऱ्यांवर बसून गप्पा मारायची आणि सांगलीची लांबून नमस्कार करायची, असं माझं तेव्हा ठरलेलं. आमची शाळा हळदीच्या पेठेला लागून. सुगीत खिडक्या उघडायची सोय नसायची. तरी फळ्याच्या कडेला, हजेरीपटावर, मुलांच्या टोप्यांवर पिवळी धूळ बसायचीच. मी खडूनं लिहायची आणि अक्षरं थोडी पिवळसरच दिसायची. तासगावच्या वाटेनं बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. मळ्यांमधून हळद शिजवणाऱ्या काहिलींची वाफ दिसायची, आणि तो ओला, कडवट, मातीचा वास केसांतून चार चार दिवस जायचा नाही.

मधल्या सुट्टीत मी गोदामांच्या सावलीत बसलेल्या बायका बघायची. पोत्यांवर पाय पसरून, मांडीत सूप घेऊन हळद निवडायच्या. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, तूस-माती तिसरीकडं. हात कोपरापर्यंत पिवळे, पापण्यासुद्धा पिवळ्या. तोंडं मात्र अखंड चालू. निम्म्या बायका मराठी बोलायच्या, निम्म्या कानडी, आणि भांडण लागलं की सगळ्या दोन्ही.

नीलक्का त्यांतली. तिची आई, सगळी पेठ जिला अव्वा म्हणायची, विजापूरकडून कुठल्याशा दुष्काळात आली होती. नवऱ्याच्या डोक्यावर बोचकं, हिच्या कडेवर नीलक्का. मिरजेला गाडीतून उतरून चालत सांगलीला आली. नवरा हमालीला लागला आणि लवकर गेला. अव्वा सूप घेऊन बसली ती बसलीच. नीलक्का तिच्या शेजारी बसून हळद निवडत निवडत सातवी फायनल झाली. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची, बायका ऐकायच्या. मग बायकांचं गाऱ्हाणं घेऊन अडत्यांच्या पेढीवर जायला लागली, तिथून मामलेदारापर्यंत, आणि एक दिवस विधानसभेचा अर्ज भरून मोकळी झाली. तोंडानं फटकळ, मनानं त्याहून.

प्रचारात तिच्याविरुद्ध एकच गोष्ट बोलली गेली. बाई बाहेरची आहे. मला त्याची आजही चीड येते. मी वाईहून ट्रंक घेऊन आले, पंचविसाव्या वर्षी, मला एकानंही कधी विचारलं नाही की तुम्ही कुठल्या आणि इथं काय काम. नीलक्का कडेवर बसून आली, तिला मात्र आयुष्यभर विचारलं. मी तेव्हा हे कुणाला बोलून दाखवलं नाही. सरकारी नोकरी, निवडणुकीच्या कामावर नेमणूक, आपण बरं आपलं काम बरं, असा माझा खाक्या होता.

माझं काम होतं शाई लावायचं. मतदान केंद्र पेठेजवळच. केंद्राध्यक्ष एक वयस्कर गृहस्थ, नियमाला पक्के. दहाच्या सुमाराला हळद निवडणाऱ्या बायका कामावरून थेट आल्या. पहिलीचा डावा हात मी हातात घेतला, बोटाला शाई लावली, तर शाई हळदीच्या भुकटीवर नुसती तरंगली आणि पुसली गेली. दुसरीचंही तेच. केंद्राध्यक्ष करवादले, "अहो बाई, शाई लागत नाही म्हणजे काय? पुन्हा येऊन मत देतील या!"

मी शिपायाला म्हटलं, दाराशी पाण्याची बादली ठेव. बायकांना म्हटलं, हात धुवा आणि मग आत या.

धुतले बिचाऱ्यांनी. पदराला पुसले. पदर तरी कुठं कोरा होता? हळद काय पाण्यानं जाते का! पण शाई छान बसायला लागली. रांग भराभर सरकली. केंद्राध्यक्ष खूश झाले, मला म्हणाले, "बाई, डोकं चालतं तुमचं." मला बरं वाटलं. घरी जाऊन मी नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

मोजणीत काय झालं ते तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात कळलं. नीलक्काचा एक कार्यकर्ता तावातावानं सांगत होता. त्या केंद्रावरच्या मतपत्रिका उघडल्या, तर एकेका कागदावर पिवळा, स्वच्छ अंगठा उठलेला. रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ. समोरच्या बाजूनं हरकत घेतली. मत देणाराची ओळख पटेल अशी खूण कागदावर असली की मत बाद, आणि अंगठ्याच्या ठशाहून मोठी ओळख कुठली? अधिकाऱ्यानं नियम वाचला आणि मतं बाजूला काढली. नीलक्का पडली ती तेवढ्यानंच.

कोरडी भुकटी कागदाला लागली असती तर झटकून गेली असती, नुसता डाग राहिला असता. पाण्यानं ठसे उठले. माझ्या बादलीनं. मी वर्गात गेले आणि मुलांना शुद्धलेखन घातलं.

कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चूक अशी होती की ती माझी आहे हे मी सोडून कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं, आणि मी त्याच आडोशाला बसले.

मग मी नीलक्काचे अर्ज लिहायला लागले. तीच एकदा शाळेत आली, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनं, एवढं लिवून द्या." त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि दुष्काळ पडला. ती खडी फोडायच्या कामांवर फिरत होती, माणदेशात उन्हातान्हात, आणि बायकांना घेऊन साताऱ्याच्या कचेरीवर धडकत होती. मी लिहायची. कामावर सावलीची सोय करावी. पिण्याचं पाणी ठेवावं. तान्ही पोरं ठेवायला छप्पर द्यावं. देवाला सोडलेल्या बायकांच्या पोरांना शाळेत बापाचं नाव विचारू नये. हा अर्ज लिहिताना तर मी थांबून तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "काय बघताय? लिवा की." निवडून न येताच ती आमदाराचं काम करत होती, आणि मी मनात म्हणायची, बघ, आपण फेड करतोय. खोटं होतं ते. फेडायची तर आधी चूक कबूल करावी लागते.

आणि माझ्या गप्प बसण्यानं काय झालं होतं ते मला सहा वर्षांनी कळलं.

अठ्ठ्याहत्तरला नीलक्का पुन्हा उभी राहिली. पुन्हा सुगीच. कसलासा अर्ज लिहून घ्यायला आमच्या घरी आली होती. मी सहज विचारलं, यंदा कसं काय वाटतंय? ती बोटं मोजत म्हणाली, "हमालवाडा हाय, विणकर हायत, खेड्यांतनं बी बरं हाय. पेठंतल्या निवडणाऱ्या बायका तेवढ्या न्हाई धरायच्या."

"का? तुझ्याच ना त्या?"

"माज्याच हायत. पन येत न्हाईत. बहात्तरपास्नं एक बाई मताला गेली न्हाई. नगरपालिकेला न्हाई, आनीबानीनंतरच्या मोठ्या निवडनुकीला न्हाई. हळदीच्या हाताचं मत सरकारात चालत न्हाई म्हंत्यात. लय समजावलं. म्हंत्यात, आमचं फेकून दिल्यालं तूच बघितलंस न्हवं?"

मी पेन खाली ठेवलं. मला वाटत होतं माझ्या चुकीनं एक निवडणूक गेली. तेवढ्यावर थांबलंच नव्हतं ते. शेकडो बायांनी स्वतःलाच बाद ठरवलं होतं, आणि खरं कारण माहीत असलेली एकटी मी इथं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहीत बसले होते.

मी सांगितलं. सगळं, बादलीपासून. बोलताना रडू आलं ते आवरलं नाही.

मला वाटलं, म्हणेल जाऊ द्या बाई, तुमी काय मुद्दाम केलं का. तसं म्हणाली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण ती नीलक्का होती.

"सा वरीस?" ती म्हणाली. "बाई, हरल्याचं मला कायबी वाटत न्हाई. मानूस हरतंय. पन का हरलो ते तुमास्नी ठावं हुतं, आन मी दारोदार बोंबलत फिरत हुते तवा तुमी गप हुता?"

"भीती वाटली."

"कुनाची?"

नोकरी जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक काय म्हणतील, तू काय म्हणशील, एवढीच भीती. सहा वर्षं पुरली ती.

नीलक्का उठली. दारात वहाणा घालता घालता म्हणाली, "आता मला सांगून काय उपेग न्हाई. उद्या दुपारी पेठंत या. त्यास्नी सांगा. मला मत द्या म्हनू नगा, तुमी सरकारी मानूस हायसा. माझं नावच घेऊ नगा. काय झालं तेवढं सांगा."

"तू असशील ना तिथं?"

"न्हाई. मी कशाला? चूक तुमची हाय."

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत मी पेठेत गेले. उभं राहून बोलले तर वर्गात बोलल्यासारखं होईल म्हणून पोत्यावर बसले. पातळ पिवळं झालं ते झालं. त्या एका गोदामापाशी चाळीसेक बायका असतील. बहुतेकींची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळं सगळ्या जरा सावरून बसल्या. मी म्हटलं, तुमच्या हातांचा काही दोष नव्हता. पाण्याचा होता. आणि पाणी मी ठेवलं होतं.

कुणी भाकरीचा घास मोडेना. चंपा नावाची एक उंचनिंच बाई होती, तिचा मुलगा माझ्या वर्गात. ती म्हणाली, "म्हंजी आमच्या हातात काय खोट न्हवती?"

"नव्हती."

"मग आमी सा वरीस घरात का बसलो, बाई?"

मी मान खाली घातली. माझा चाळीस मुलांचा वर्ग मी डोळ्यांनी गप्प करायची, पण त्या दिवशी एका बाईकडं वर बघायची टाप नव्हती.

अव्वा कोपऱ्यात बसली होती. साठी उलटलेली, पाठ वाकलेली, सूप अजून मांडीत. ती चंपाला म्हणाली, "यव्वा, बाईवर कशाला तोंड टाकतीस? पानी बाईनं दिलं, खरं हाय. पन आपलं मत चालत न्हाई, ह्ये आपलं आपनच मानलं. कचेरीत जाऊन एकीनं तरी इचारलं का? म्या बी न्हाई इचारलं. माझी पोरगी उभी ऱ्हायली हुती, तरी न्हाई इचारलं. आपल्यास्नी वाटलं, असंलच. आपलं चालत नसंलच."

मग ती सूप बाजूला ठेवून माझ्याकडं वळली. "बरं, आता कसं करायचं ते सांगा. हळद तर काय जात न्हाई."

सांगायला काय होतं? पाण्याला हात लावायचा नाही. कोरड्या राखेनं हात चोळायचे, फडक्यानं झटकायचे, कागद कडेनं धरायचा, शिक्का मारायचा, घडी घालायची. मी पिशवीतून रद्दीचे कागद काढले आणि त्यांनी तिथंच सराव केला. चंपानं घडी उलटी घातली तर सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. "अगं चंपे, भाकरी न्हवं ती, परतू नगंस!" बायका हसल्या, कागदावर कुणाचा डाग पडला की तिला पुन्हा राख चोळायला लावली. मला मात्र कुणी चहा विचारला नाही. ते बरोबरच होतं.

पुढचं सगळं त्या मुलांच्या छापील कागदावर भरता येईल. नीलक्का निवडून आली, नंतर पुन्हा एकदा आली. मुंबईला जायची तेव्हा तीच हातमागाची पातळं आणि एक कापडी पिशवी. सभागृहात कुणीतरी तिला म्हणालं, बाई, तुम्ही तुमच्या कर्नाटकात जाऊन बोला. ती म्हणाली, "मी चालायला सांगलीत शिकले. आपण कुठं शिकलात ते सभागृहाला सांगावं." हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत, आणि लगेच पुढचा अर्ज लिहायला घ्यायला लावला. निवडणाऱ्या बायकांसाठी छप्पर, पोरांसाठी पाळणाघर, बापाच्या नावाशिवाय शाळेत दाखला, यासाठी ती वर्षानुवर्षं एकेका टेबलावर चिवटपणे बसून राहिली. काही झालं, बरंच झालं नाही. तिचे अर्ज मी शेवटपर्यंत लिहिले. त्या दिवसानंतर तिनं तो विषय परत काढला नाही आणि मला माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. आमचं त्यानं काही अडलं नाही.

पण मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस ती जिथं नव्हती तिथं झाला.

अठ्ठ्याहत्तरच्या मतदानाला मला पुन्हा शाईचंच काम मिळालं, आणि आदल्या दिवशी नेमणुकीचा कागद हातात आला तर केंद्र तेच, पेठेजवळचं. केंद्राध्यक्ष या वेळी एक तरुण अधिकारी होते, मिरजेकडचे. सकाळपासून बाकीचे लोक येत होते, पेठेतलं कुणी नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मी दाराकडं बघून बघून थकले. शेवटी मनाशी म्हटलं, सहा वर्षांची गोष्ट आपण एका दुपारी पुसायला गेलो, कशी पुसली जाणार.

साडेअकराच्या सुमाराला बाहेर गलका झाला. अधिकारी दचकून उठले. मी खिडकीतून पाहिलं. निवडणाऱ्या बायका येत होत्या, सगळ्या, रस्ता भरून. कामं टाकून आल्या होत्या. अडत्यांचे दिवाणजी दुकानांच्या पायरीवर येऊन बघत उभे. कुणी घोषणा देत नव्हतं, हसत-खिदळतही नव्हतं. रांग लागली आणि रांगेच्या तोंडाशी अव्वा. पाठीमागं चंपा तिला कोपराला धरून.

अव्वा माझ्या टेबलापाशी आली. मी तिचं डावं बोट घ्यायला हात पुढं केला, तर तिनं दोन्ही हात पालथे करून दाखवले, मग उताणे केले. शाळेत मुलं नखं दाखवतात तसे. पिवळेच होते, जन्माचे पिवळे, पण राखेनं चोळून चोळून कोरडे ठक्क. तिच्यामागं चंपानं हात पुढं केले. तिच्यामागं पुढचीनं. दारापर्यंत सगळ्यांनी हात काढून धरले होते.

तरुण अधिकाऱ्यांना काही कळेना. ते म्हणाले, "आजी, एकच बोट हवंय, डाव्या हाताचं. दोन्ही हात कशाला दाखवताय?"

अव्वानं हात मागं घेतले नाहीत.

"बघा की सायेब, दोनी बघा," ती म्हणाली. "सा वरीस लपवून ठेवल्यात."

मी शाई लावली. तिनं मतपत्रिका कडेनं धरली, शिक्का घेतला आणि आडोशामागं गेली.